टांगलेलं दूध

फुरसुंगीहून हडपसरकडे येणारा रस्ता माझ्या लहानपणी खडीचा होता. अण्णा त्या रस्त्यानं रोज पहाटे सायकलवरून दूध आणत. काळी हर्क्युलस, अठ्ठावीस इंची चाकं, मागच्या कॅरिअरला दोन्ही अंगांना वीस-वीस लिटरचे कॅन. घरच्या दोन म्हशींचं आणि शेजारपाजारचं दूध गोळा करून ते पुण्यात रतीब घालत. सुरुवातीच्या दिवसांत कॅम्पातल्या एका गिऱ्हाइकानं कॅनचं झाकण उलटं करून त्यांच्यापुढे धरलं होतं. झाकणाला आतून लोण्याचे बारीक पांढरे कण चिकटलेले. रस्त्यानंच दूध घुसळून काढलं होतं. गिऱ्हाईक काही बोललं नाही, नुसतं झाकण दाखवलं. अण्णांना ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

त्या आठवड्यात त्यांनी कॅन करकचून बांधणं सोडलं. फुटक्या ट्यूबच्या दोन बोटं रुंद पट्ट्या कापल्या, कॅरिअरच्या आकड्यांतून ओवून घेतल्या आणि कॅनचे कान त्यांत अडकवले. कॅन आता कशावरही टेकत नव्हता. चाकाकडच्या बाजूला गोणपाटाची घडी, बाकी सगळा भार रबरावर. शाळेला सुट्टी असली की मी पुढच्या दांडीवर पंच्याची घडी टाकून बसायची आणि मान मागं वळवून कॅनकडे बघत राहायची. खड्ड्यात सायकल आदळायची. कॅन मात्र अंमळ उशिरानं, सावकाश खाली जायचा आणि तसाच सावकाश वर यायचा. जणू खड्ड्याची बातमी त्याला मागाहून कळत होती.

"दूध ठिवायचं नसतं, टांगायचं असतं," अण्णा म्हणायचे.

मी पुढे स्थापत्य अभियंता झाले. उमेदीची वर्षं पुलांची गणितं करण्यात गेली, त्यातही लोखंडी कैच्यांच्या पुलांची. कैची म्हणजे त्रिकोणांची साखळी. चौकोन रेटला तर वाकडा होतो, त्रिकोण होत नाही. एवढ्या एका गोष्टीवर आगगाडी नदी ओलांडून जाते. अशाच एका वाचनात, एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकी पुलांबद्दलच्या मजकुरात, मध्येच एका सायकलचं चित्र आलं. सायकल कसली, दोन चाकांवर उभा केलेला पूलच तो. बोटाएवढ्या बारीक नळ्या, बहुतेक जोडीजोडीनं, त्रिकोणाला त्रिकोण लागलेला. आणि सगळ्याच्या वर, बसायच्या जागी, दोऱ्यांची विणलेली झोळी.

ती मिकाएल पेडरसनची सायकल. हा डॅनिश माणूस, १८५५ मध्ये रॉस्किल्डजवळ जन्मला. त्याचं आधीचं नाव झालं होतं ते दुधाच्या धंद्यात. दूध गरगर फिरवून साय वेगळी काढणारं यंत्र त्यानं बनवलं होतं आणि इंग्लंडमधल्या डर्सली गावची लिस्टर कंपनी ते विकत होती. १८९३ च्या सुमारास तो स्वतःच डर्सलीत येऊन राहिला. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक पालथं घालून अण्णांना फोन केला होता.

पेडरसनला लांबच्या प्रवासात सायकलची सीट सहन होत नसे. इतरांनी काय केलं असतं? आहे त्या फ्रेमवर जरा मऊ सीट लावली असती. त्यानं उलट्या बाजूनं सुरुवात केली. आधी बसायची जागा ठरवली: ताणलेल्या दोऱ्यांची झोळी, पुढं एका उंच टोकाला अडकवलेली, मागं स्प्रिंगांना. मग प्रश्न आला की ही झोळी टांगायची कशाला? आपल्याकडे तान्ह्या मुलाची झोळी आढ्याला टांगतात आणि आढं हलत नाही यावर सगळा भरवसा असतो. पेडरसनला सायकलवर एक आढं उभं करायचं होतं. त्यासाठी त्यानं स्क्वायर व्हिपल या अमेरिकी अभियंत्याच्या पुलांची कैची उचलली आणि आधी लाकडात, मग पोलादी नळ्यांत उतरवली. एकेक नळी इतकी बारीक की हातानं वाकावी, पण कैचीत बसली की तिला फक्त ताण किंवा दाब सोसायचा असतो, वाकायची वेळच येत नाही. सांगाडा असा ताठ, आणि त्या ताठ सांगाड्यात माणूस लोंबकळता. अण्णांच्या कॅरिअरवर याहून वेगळं काय होतं?

ही सायकल डर्सलीत पहिल्या महायुद्धाच्या काळापर्यंत बनत राहिली. पेडरसनच्या हाती त्यातलं फार काही लागलं नाही. तो डेन्मार्कला परतला आणि १९२९ मध्ये गरिबीतच गेला. १९९५ मध्ये डर्सलीच्या लोकांनी त्याच्या अस्थी तिकडून आणून आपल्या गावात पुरल्या. कोपनहेगनमध्ये त्याच्या धर्तीच्या सायकली पुन्हा बनू लागल्या त्याला आता चाळीसहून जास्त वर्षं झाली. ज्यानं पहिली घडवली त्याला मात्र त्यातलं काही बघायला मिळालं नाही, याचं मला अजूनही वाईट वाटतं.

हादऱ्याचा विचार करणारा तो पहिला नव्हता. १८६० च्या दशकातल्या सायकलींना लाकडी चाकं आणि त्यांवर बैलगाडीसारखी लोखंडी धाव असे; इंग्रज त्या सायकलीला सरळ 'हाडं खिळखिळी करणारी' म्हणत. १८८५ मध्ये कोव्हेंट्रीत जॉन केम्प स्टार्लीची रोव्हर आली, जिच्या घडणीतून आजची आपली सायकल उतरली. त्याच वर्षी लंडनमध्ये लिनली आणि बिग्ज यांनी व्हिपेट नावाची सायकल काढली, आणि माझ्या मते ती त्या काळातली सगळ्यांत विचारी सायकल होती. माणूस सायकलला तीन ठिकाणी टेकतो: सीट, हँडल, पायडल. या तिन्ही जागा त्यांनी एकमेकींना पक्क्या जोडल्या आणि तो जोडलेला तुकडा उचलून स्प्रिंगवर टांगला. चाकं खाली वाटेल तशी उसळोत, सीट ते पायडल हे अंतर बदलत नाही. का महत्त्वाचं ते अंतर? ते मला पुढे स्वतःच्या गुडघ्यांनी शिकवलं.

तीनच वर्षांनी, १८८८ मध्ये, बेलफास्टमधल्या जॉन बॉइड डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टरनं आपल्या मुलाच्या तीनचाकीला रबरी नळीत हवा कोंडून बसवली. पुढच्याच वर्षी तशा टायरवर शर्यती जिंकल्या जाऊ लागल्या. थोड्याच वर्षांत व्हिपेट आणि तिच्यासारख्या सगळ्या स्प्रिंगवाल्या सायकली बाजारातून गेल्या. इतकं स्वस्त, इतकं हलकं उत्तर मिळाल्यावर कोण कशाला स्प्रिंगांचा पसारा बाळगेल?

आता फ्रेमबद्दल. सायकली विकणाऱ्यांचं एक आवडतं वाक्य आहे: उभ्या अंगानं लवचीक, आडव्या अंगानं ताठ. म्हणजे खड्डा पोटात घालते आणि पायाचा जोर वाया जाऊ देत नाही. मला हे वाक्य कधी पटलं नाही, कारण नेहमीची फ्रेम बाजूनं बघितली तर दोन त्रिकोण आहेत, आणि त्रिकोण त्याच्या स्वतःच्या पातळीत लवत नाही. तो लवला असता तर माझे पूल पडले असते. शेवटी भोसरीतल्या एका ओळखीच्या मिस्त्रींच्या वर्कशॉपमध्ये एक पोलादी फ्रेम सरफेस प्लेटवर आवळून बसवली, सीटच्या नळीवर साठ किलोची वजनं चढवली आणि खाली डायल लावला. आम्ही दोघं काट्याकडे बघत होतो. काटा पाव मिलिमीटरही सरकला नाही. मग फ्रेम आडवी पाडून तेवढंच वजन पायडलच्या जागी, कुशीवर टांगलं. काटा सहा मिलिमीटर फिरला. जाहिरातीतलं वाक्य साफ उलटं. ज्या अंगाला ताठ हवी त्या अंगाला फ्रेम लवते आणि जिथं लवायला हवी तिथं खांबासारखी उभी राहते.

मिस्त्री म्हणाले, "मग ताई, सायकल मऊ-कडक लागते ते काय खोटं का?"

खोटं नाही. मग आम्ही पुढच्या चाकाचा चिमटा लावून बघितला. जुन्या पद्धतीचा, पात्यांची टोकं निमुळती आणि पुढं वळवलेली. तो दोन मिलिमीटरहून जास्त लवला. आणि टायर? बेताची हवा भरलेला पस्तीस मिलिमीटरचा टायर माझ्या वजनानंच पाच मिलिमीटर दबत होता, तेही नुसतं उभं राहून. बहुतेक हादरा हवा पिते, उरलेला चिमटा, सीट आणि सीटची दांडी वाटून घेतात. फ्रेमच्या वाट्याला फार थोडा येतो. तरीही फ्रेमचा फरक अंगाला कळतो. तो मुख्यतः त्या कुशीवरच्या लवण्याचा आणि नळ्यांच्या व्यासाचा. पत्र्याची जाडी तीच ठेवून नळीचा व्यास दुप्पट केला तर नळी आठपट ताठ होते. ॲल्युमिनियम मुळात पोलादाच्या एक-तृतीयांश ताठ, पण १९७० च्या दशकापासून त्याच्या नळ्या जाडजूड होत गेल्या आणि लोक म्हणू लागले, ॲल्युमिनियम कडक. धातूचा त्यात दोष नाही. बारीक नळ्यांची व्हितुस ही ॲल्युमिनियमची फ्रेम तिच्या लवण्यासाठी प्रसिद्ध होती आणि शॉन केलीनं तिच्यावर मोठमोठ्या शर्यती मारल्या.

एवढं समजल्यावर मी एक चूक केली. फ्रेम लवत नाही तर लवणारी करू, असं मनात घेतलं. ट्रकच्या पाट्याचं पोलाद मिळवून दीड फूट लांबीची एक पट्टी घडवून घेतली, पुढच्या नळीपासून मागं अधांतरी काढली आणि तिच्या टोकावर सीट बसवली. ही कल्पनाही माझी नव्हती. अमेरिकेत सॉफ्टराइड नावानं कार्बनच्या तुळईवर अशी सीट येत असे. २००० पासूनच्या शर्यतींच्या नियमांनी तिला बाहेर काढलं. पहिले आठ दिवस सुखाचे गेले. मग गुडघे दुखू लागले. प्रत्येक पायडलला सीट खालीवर होत होती, म्हणजे मिनिटाला साठ-सत्तर वेळा माझ्या पायाचं माप बदलत होतं. व्हिपेटवाल्यांनी सव्वाशे वर्षांपूर्वी हेच टाळलं होतं. आणि दोन महिन्यांनी, सोलापूर रस्त्यावर, पट्टी गेली. मी पडले नाही. थांबून बघितलं तर पट्टी जिथं सर्वांत जास्त लवत होती तिथं शाबूत होती. तडा गेला होता मुळाशी, जिथं तिला नळीला वेल्ड केलं होतं.

लवणारी वस्तू बहुधा मध्ये मोडत नाही. ती न लवणाऱ्या वस्तूला जिथं भेटते तिथं मोडते. पुलांवर मी हे शंभरदा शिकवलं आहे. पोलादाचा एक मोठेपणा असा, की ताण ठरावीक मर्यादेच्या आत ठेवला तर ते कितीही वेळा वाकून सरळ होतं, थकत नाही. ॲल्युमिनियम मात्र प्रत्येक वाकणं मोजत राहतं आणि एक दिवस हिशेब मागतं. पण पोलादाचा हा गुण वेल्डच्या धगीत आणि एकदम जाड-बारीक होणाऱ्या जागी हरवतो. म्हणून चांगल्या नळ्या टोकांना जाड आणि मध्ये बारीक ओढतात, बाहेरून बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड रेनॉल्ड्सनं १८९७ मध्ये तशा नळ्यांचं पेटंट घेतलं. तो घराण्यानं खिळे करणारा.

हादरा नाहीसा होत नाही, हेही मला त्याच काळात नीट उमगलं. १९९१ मध्ये खांद्यावरच्या लवचीक कावडीचा अभ्यास छापून आला होता. माणसांना लवणाऱ्या दांड्यांना वजनं टांगून पळायला लावलं आणि श्वास मोजला. कष्ट काही कमी झाले नव्हते, पाठीवर ओझं घेतल्याइतकेच. पण खांद्यावर येणारा प्रत्येक ठोका बोथट झाला होता. पाणक्याची कावड किंवा शिंगणापूरच्या घाटात चढणारी कावड ज्यानं खांद्यावर घेतली आहे त्याला हे वेगळं सांगायला नको. ओझं तेवढंच राहतं. फक्त एका क्षणात येणारं चार क्षणांत येतं. हाडाला, कूर्चेला, दुधालाही, चार क्षण पुरतात.

आणि हा सगळा विचार करताना मला कितीतरी वर्षं न दिसलेली गोष्ट दिसली. अण्णांच्या सायकलवर दूध टांगलेलं होतं, अण्णा नव्हते. खरं तर जुनी चामड्याची सीट ही एक झोळीच असते: पुढच्या टोकापासून मागच्या पट्टीपर्यंत ताणून टांगलेलं कातडं, खाली दोन स्प्रिंगा. पण अण्णांच्या सीटचं चामडं ओघळून खालच्या लोखंडाला टेकलेलं होतं. ताण द्यायचा नट गंजून बसला होता. एक स्प्रिंग तुटली होती आणि ती करकरू नये म्हणून त्यांनी काथ्यानं आवळली होती. फुटक्या ट्यूबच्या पट्ट्या दर दोन महिन्यांनी नव्या कापणारा माणूस सतरा वर्षं त्या लोखंडावर बसला. आज कंबरेचे मणके झिजलेत. एसटीत मागच्या बाकावर त्यांना बसवत नाही. मी कधी विचारलं, तर म्हणतात, "दूध नासलं असतं, माणूस नासतो व्हय?"

माणूस नासतो, अण्णा.

तर मी त्यांच्यासाठी सायकल करायला घेतली. पेडरसनची नक्कल करायचा मोह झाला होता, पण अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी उंचावरून पाय टाकून बसणं त्यांना जमणार नव्हतं. ॲलेक्स मोल्टनचाही विचार केला. ज्या मोल्टननं मिनी मोटारीला रबराची गादी दिली, त्यानंच १९६२ मध्ये सोळा इंची चाकांची, रबरावर तोललेली सायकल काढली; त्याचे पूर्वजही रबरवालेच. सुंदर काम, पण रबराचे ते भाग इथं दुरुस्त कोण करणार? पॅरिस-रूबे शर्यतीत दगडी फरसावर १९९२ आणि १९९३ साली जिल्बेर द्युक्लो-लासाल स्प्रिंगच्या चिमट्यावर जिंकला होता. आज त्याच शर्यतीत चिमटे पुन्हा साधे आहेत आणि टायर रुंद झालेत.

म्हणून मी साधंच ठरवलं. वरची दांडी काढून टाकली. तिच्या जागी दोन बारीक नळ्या, हँडलखालून निघून सीटच्या नळीला दोन्ही बाजूंनी शिवत मागच्या चाकाच्या आसापर्यंत गेलेल्या. चिमट्याला लांब वळण, टोकाला निमुळती पाती. बेचाळीस मिलिमीटरचे टायर. सीट चामड्याची, स्प्रिंगवाली, ताण द्यायचा नट सहज हाताला येईल असा.

जोड पितळेचे, वेल्ड कुठंही नाही. मिस्त्रींनी गॅसची ज्योत मंद केली, जोडाभोवती फिरवत ठेवली. फ्लक्सची पेस्ट आधी पांढरी फुगली, मग वितळून काचेसारखी नितळ झाली, आणि तिच्याखाली पोलाद मंद लाल दिसायला लागलं. "आत्ता," ते म्हणाले आणि पितळेची सळी टेकवली. पितळ थेंबासारखं थांबलं नाही. पाण्यासारखं धावलं, ज्योत जिकडे जाईल तिकडे, आणि दोन नळ्यांमधल्या केसभर फटीत आत खेचलं गेलं. दुसऱ्या बाजूनं त्याची बारीक सोनेरी कड बाहेर आली. मिस्त्रींनी ती कड बघितली आणि काही न बोलता पुढच्या जोडाकडे वळले. असे जोड झाले की थंड होईपर्यंत कोणी हात लावायचा नाही, पंखाही बंद.

रंग काळाच दिला.

सायकल अण्णांच्या दारात उभी केली. ते ओट्यावर बसले होते. आधी त्यांनी मागच्या कॅरिअरचे आकडे हातानं चाचपले. मग दोन्ही बारीक नळ्या चिमटीत धरल्या, पण बोलले नाहीत. मग वाकून, एक हात कंबरेवर ठेवून, पुढचा टायर अंगठ्यानं दाबला.

"हवा लई भरलीस."

मी वजनाच्या तक्त्यावरून मोजून भरली होती. त्यांनी वॉल्व्हची पिन नखानं दाबली. हवा सुटत राहिली, ते मान एका बाजूला करून ऐकत राहिले. थांबले, अंगठा लावला, पुन्हा सोडली. मागच्या चाकाचंही तसंच केलं. मग एक पाय ओट्याच्या पायरीवर ठेवून सीटवर बसले आणि निघाले.

गल्लीच्या मध्यावर नगरपालिकेनं घातलेला एक उंच गतिरोधक आहे. मी चाकाकडे बघत नव्हते, त्यांच्या खांद्यांकडे बघत होते. पुढचं चाक चढलं, उतरलं, मागचं चढलं, आदळलं. खांदे अंमळ उशिरानं, सावकाश खाली गेले आणि तसेच सावकाश वर आले.

टोकाशी वळून ते पुन्हा गतिरोधकाकडेच येत होते.